‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर: कागद पाठवून जीव वाचतो का?

मागच्या लेखावर ‘स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली आहे, काहींनी त्यावर अंगठेही उचलले आहेत. म्हणून उत्तर खाली चार ओळींत न देता इथे देते. इंग्लंडमध्ये रुग्णालयांवर आणि केअर होमवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांनी (त्यातली एक सीक्यूसी, म्हणजे केअर क्वालिटी कमिशन) आपल्याकडची माहिती एकमेकांना वेळेवर द्यावी, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर हे आलं:

‘बाई, गोऱ्यांचे गोडवे पुरे. खात्यांनी एकमेकांना कागद पाठवल्याने एकाही म्हाताऱ्याचा जीव वाचत नाही, वाचवतो तो वॉर्डातला माणूस. तुमचा तो २०१८ चा करार म्हणजे कायदा नव्हे. सीक्यूसीची स्वतःची कॉम्प्युटर यंत्रणा कोलमडली आहे. आणि ज्या गरीब केअर वर्करचं नाव या पत्रांतून फिरतं, तिला कोणी विचारतं का? आधी महाराष्ट्रात काय चाललंय ते बघा.’

नाव स्पष्टवक्ता, पण स्वतःचं नाव लिहायची तयारी नाही. असो. गोडवे कुठे गायले ते तुम्ही दाखवलं असतं तर बरं झालं असतं. अख्खा लेख इथल्या संस्थांनी काय काय घालवलं यावर आहे. तो शेवटपर्यंत वाचला असतात तर ‘गोऱ्यांचे’ हा शब्द तुमच्या हातून उतरला नसता. असं कोणी दारात उभं राहून माझ्याशी बोललं असतं तर मी दार लावून घेतलं असतं. इथे दार नाही, म्हणून उत्तर देते.

एक गोष्ट मान्य. २०१८ चा करार कायदा नाही. केअर क्वालिटी कमिशन, जनरल मेडिकल कौन्सिल, नर्सिंग कौन्सिल आणि इतर काही संस्थांनी मिळून ठरवलं की शंका आली तर पक्का पुरावा हाती येईपर्यंत थांबायचं नाही, दुसऱ्याला सांगायचं, आणि गरज वाटली तर कोणीही एकाने सगळ्यांची बैठक बोलवायची. सक्ती नाही. मी हे लेखात ठळक लिहायला हवं होतं असं तुम्हाला वाटत असेल, तर ठीक आहे.

आता ते ‘कागद पाठवल्याने जीव वाचत नाही’. स्टॅफर्डचं रुग्णालय घ्या. फेब्रुवारी २००८ मध्ये रुग्णालयांच्या कारभारावर नजर ठेवणाऱ्या मॉनिटर या संस्थेने ते चालवणाऱ्या ट्रस्टला ‘फाउंडेशन’ दर्जा दिला, म्हणजे कारभार चांगला, आता जास्त मोकळीक घ्या. पुढच्याच महिन्यात उपचारांचा दर्जा तपासणाऱ्या हेल्थकेअर कमिशनने (सीक्यूसीच्या आधीची संस्था) त्याच ट्रस्टची चौकशी जाहीर केली, कारण तिथले मृत्यूचे आकडे त्यांना खटकत होते. दोन्ही संस्था सरकारनेच नेमलेल्या, दोघींपुढे एकच रुग्णालय. एकीने शाबासकी दिली तेव्हा दुसरीच्या टेबलावर काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल २०१३ मध्ये आला, त्यात २९० शिफारशी होत्या, आणि संस्थांचं हे एकमेकांशी न बोलणं त्यात पुन्हा पुन्हा येतं. तिथे रुग्ण पाण्यासाठी ताटकळत होते, घाणीत पडून होते. तो एक कागद जानेवारीत या टेबलावरून त्या टेबलावर गेला असता तर काहीच फरक पडला नसता, असं तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकता? मी नाही म्हणू शकत.

आणि तुमचा तो ‘वॉर्डातला माणूस’. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी रुग्णालयात तो होता! टेरी ब्रायन नावाचा सीनिअर नर्स. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मारहाण होते, हे त्याने वरिष्ठांना सांगितलं, सीक्यूसीलाही कळवलं, एकदा नव्हे. कोणी हललं नाही. शेवटी मे २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रीकरण दाखवलं, तेव्हा सगळे धावले. नंतरच्या चौकशीत निघालं की स्थानिक कौन्सिलकडे (म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे) धोक्याच्या ४० सूचना पोचल्या होत्या, पोलिसांकडे वेगळ्या नोंदी होत्या, जखमी रुग्ण कॅज्युअल्टीत जात होते तिथे वेगळ्या. प्रत्येकाने आपापला तुकडा सुटा मानून फाइल बंद केली. वॉर्डातला माणूस बोलला होता, स्पष्टवक्ते. त्याचं बोलणं आणि बाकीच्यांच्या नोंदी एका टेबलावर आल्याच नाहीत.

मी हे वाचून लिहीत नाही. पुण्यात नर्सिंग केलं, मग इकडे आले, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळ्या केल्या आणि पुढे डेप्युटी मॅनेजर झाले. एकदा एजन्सीने एक नर्स पाठवली, रेफरन्स चकाचक. पहाटे एका आजोबांची शुगर इतकी खाली गेली की ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. इन्शुलिन दोनदा दिलं गेलं होतं आणि चार्टवर एकदाच लिहिलं होतं. आजोबा वाचले. मग कळलं की आधीच्या होमने तिला अशाच चुकीसाठी परत पाठवलं होतं, तिथल्या कौन्सिललाही ते माहीत होतं. आमच्यापर्यंत एक ओळ आली नाही. त्या आजोबांच्या मुलीसमोर मी उभी होते, तुम्ही नव्हतात. तिला जाऊन सांगा की कागदाने काही होत नाही.

बाकीचं थोडक्यात. सीक्यूसीची यंत्रणा २०२४ मध्ये किती ढिसाळ निघाली ते सरकारने तपासणीसाठी नेमलेल्या पेनी डॅश यांच्या अहवालात आहे, मंत्र्यांनीही कबूल केलं. मग काय, माहिती देणंच थांबवायचं? तिजोरीचं कुलूप बिघडलं म्हणून कोणी पैसे रस्त्यावर ठेवत नाही.

केअर वर्करच्या नावाचा मुद्दा भावनिक आहे. त्यासाठी डेटा संरक्षणाचा कायदा आहे, डीबीएस (कामावर घेण्याआधी गुन्ह्यांची नोंद तपासणारी सरकारी संस्था) आहे, अपील आहे. २०१३ मध्ये रुग्णांच्या माहितीबद्दलच्या सरकारी आढाव्यात फिओना कॅल्डिकॉट यांनी तत्त्व म्हणूनच मांडलं की माहिती देण्याचं कर्तव्य ती जपण्याइतकंच महत्त्वाचं असू शकतं. यावर मला जास्त लिहायचं नाही.

महाराष्ट्राबद्दल: तिथे नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते, डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलकडे. ही दोन दफ्तरं एकमेकांशी किती बोलतात ते तुम्ही तिथे राहता, तुम्हीच लिहा. मी नक्की वाचेन. आणि पुढच्या वेळी ‘बाई’ म्हणून हाक मारायची असेल तर निदान नावानिशी मारा, नाहीतर प्रतिक्रिया उडवली जाईल.