‘फेरफटका’ या शब्दाबद्दल

प्राध्यापक महाशय (टोपणनाव तुम्हीच घेतलंय, म्हणून तेच वापरतो),

गाडी-ते-गाडी संदेशवहनात सिग्नलची ताकद अंतरानुसार कशी घसरते, या माझ्या लेखावर तुमचे चार आक्षेप आले. त्यातला एक लगेच मान्य करतो. दुसऱ्या आलेखावर ‘डीबीएम’ (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली ताकद) याऐवजी नुसतं ‘डीबी’ (दोन ताकदींमधलं गुणोत्तर) पडलं होतं. चूक माझी, दुरुस्त केली, आभार.

आता ते वाक्य. ‘दोन गाड्या पळवून आरएसएसआय उतरवून घेणं म्हणजे मोजमाप नव्हे, तो फेरफटका, मोजमाप चॅनल साउंडरनेच होतं.’ (आरएसएसआय म्हणजे गाडीतल्या रेडिओनेच नोंदवलेली सिग्नलची ताकद; चॅनल साउंडर म्हणजे लहर कोणकोणत्या वाटांनी, किती उशिरा येते हे मोजणारं खास उपकरण.) साउंडर का नाही वापरला, एवढंच विचारायचं होतं ना? मग सरळ विचारायचं. फेरफटका कशाला?

2013 च्या जानेवारीत मी मिशिगनमध्ये एका लहानशा पुरवठादार कंपनीत होतो. त्या वेळी ॲन आर्बरमध्ये सेफ्टी पायलट हा गाड्यांच्या आपसातल्या संदेशांचा चाचणी-प्रकल्प चालू होता, जवळपास तीन हजार गाड्या 5.9 गिगाहर्ट्झवर सेकंदाला दहा वेळा आपली जागा आणि वेग सांगत फिरत होत्या. आमच्या दोनच गाड्या. मांडीवर लॅपटॉप, बोटं बधिर, आणि रस्त्याच्या एकाच तुकड्यावर दिवसभर ये-जा. फेरफटका मारणारा माणूस त्याच चार किलोमीटरवर चाळीस खेपा घालत नाही.

आणि सापडलं काय? टपावरचा अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर. एक लहर सरळ येते, दुसरी डांबरावरून उसळून. या बँडमध्ये तरंगलांबी जेमतेम पाच सेंटीमीटर, त्यामुळे दोन वाटांतला तेवढासा फरकही पुरतो. गणित सांगतं की गाड्यांत साधारण 88 मीटर अंतर असताना दोन्ही लहरींनी एकमेकींना खोडायला हवं. आमच्या नोंदींत त्याच सुमाराला सिग्नलच्या ताकदीत खड्डा पडायचा, खेपेमागून खेप. मोजमाप नसतं तर हा खड्डा आला कुठून?

पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या संशोधकांनी दोन गाड्यांच्या मध्ये एकच वाहन उभं करून 20 डेसिबलहून जास्त घट दाखवली, म्हणजे शक्ती शंभरपटीने कमी. तीही साध्या डीएसआरसी (गाड्यांसाठीच्या कमी पल्ल्याच्या रेडिओ) उपकरणांनी, पार्किंगच्या जागेत. त्यांनाही फेरफटकेवाले म्हणणार का? साउंडरला मी कमी लेखत नाही. स्वीडनमधल्या लुंड-माल्मोच्या रस्त्यांवर 2009 मध्ये झालेली मोजणी मी वाचली आहे, आणि परावर्तनं किती उशिरा येतात, डॉप्लर (वेगामुळे लहरीच्या वारंवारतेत पडणारा फरक) किती पसरतो, हे साउंडरशिवाय कळत नाही. पण ब्रेक दाबला गेल्याचा इशारा चालकापर्यंत पोचतो तो गाडीतल्या चिपमधून. त्या चिपला काय ऐकू येतं, ते मी मोजत होतो.

माझे वडील एसटीत चालक होते. खंबाटकीत धुक्यात पुढच्या ट्रकचे लाल दिवे त्यांना उशिरा दिसले, आणि त्यांचा उजवा पाय पुन्हा सरळ झाला नाही. मी या विषयात हौसेखातर आलेलो नाही. तुम्ही कधी मागच्या सीटवर बसून एक तरी नोंद घेतली आहे का?

उरले दोन आक्षेप. हरवलेल्या संदेशांची ताकद नोंदलीच जात नाही, त्यामुळे लांबच्या अंतरावरची सरासरी फुगते, असं तुम्ही लिहिलंत. हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि लेख सामान्य वाचकासाठी होता. अँटेना कोणत्या दिशेला किती सिग्नल फेकतो, हा तर त्या लेखाचा विषयच नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. मात्र विद्यार्थ्यांशीही तुम्ही याच सुरात बोलत असाल, तर त्यांच्यातले किती जण दुसरा प्रश्न विचारायला हात वर करतात, ते एकदा मोजून बघा. पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे मलाही नावाने उत्तर देता येईल.