‘शहरात बसून’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, मोडलेलं हाड आणि पट्टी यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “ताई, शहरात बसून हाडवैद्याला नावं ठेवणं सोपं असतं. माझ्या ७ वर्षांच्या पोराचा हात मोडला, पट्टी बांधली, महिन्यात जुळला. हाड आपोआपच जुळतं. कॅल्शियमचा तर लेखात पत्ताच नाही.”

‘शहरात बसून’? मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातली. आई-वडील दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याला जायचे, आम्ही भावंडं कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाढलो. धाकटा भाऊ उसाच्या गाडीवरून पडला, कोपरापाशी हाड मोडलं. एका जाणत्याने बांबूच्या कामट्या लावून पट्टी आवळली. लेकरू रात्रभर बोटं दुखतात म्हणून रडत होतं, आणि सगळे म्हणत होते, हाड मोडल्यावर दुखणारच. सकाळी बोटं गार, काळीनिळी. हाड जुळलं, अगदी आपोआप! पण आतली सूज वाढून रक्त अडलं, स्नायू मेले, आखडले. आजही त्याची मूठ पूर्ण उघडत नाही. तेव्हा ‘सोपं असतं’ हे मला ऐकवू नका.

हाड आपोआप जुळतं हे मीच लिहिलंय, वाचलं असतंत तर दिसलं असतं. मोडल्या जागी रक्त साकळतं, २-३ आठवड्यांत मऊ कूर्चा (नाकाच्या शेंड्यात असते तशी लवचिक) धरते, पुढे तिचं हाड होतं. प्लास्टर हाड जोडत नाही, जागेवर धरून ठेवतं. वाकडं राहिलं तर वाकडं जुळतं. लहान मुलांच्या हाडावरचं आवरण जाड असतं, टोकांशी वाढीची कूर्चा असते, म्हणून लवकर जुळतं आणि थोडा बाक वाढत्या वयात निघून जातो. पीळ मात्र निघत नाही. १७-१८ नंतर, वाढ थांबली की, बाक निघायचीही सोय संपते. पोराच्या हातावरून साठीतल्या बाईच्या खुब्याचा हिशोब करू नका. पाळी गेल्यावर हाड भरतं त्याहून वेगाने झिजतं.

कॅल्शियमचं पुन्हा कधीतरी.

पट्टी कुणीही बांधो, नख दाबून सोडल्यावर रंग लगेच परततो का ते बघा. नाही परतला, किंवा बोटं हळूच सरळ करताना लेकरू कळवळलं, तर पट्टी सोडा आणि तडक दवाखाना गाठा. हे मी लेखात ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्यावर तुमचा एक शब्द नाही.