'खोट्या बंदुकीला कायदा नाही' म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

दसरा जवळ आला की खंडेनवमीच्या शस्त्रपूजनाचे स्टेटस सुरू होतात आणि त्याच्या मागोमाग हा मेसेज पण हजर. यंदा तर तालमीच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर पण आला. थोडक्यात मजकूर असा: "रेप्लिका आणि ब्लँक गन म्हणजे खेळणं. गोळी सुटत नाही म्हणून कायदा लागू नाही. ब्लँक म्हणजे नुसता फटाका, कुणाला काही होत नाही. तिची खरी बंदूक होऊच शकत नाही. नळीला केशरी टोक असलं की पोलीस हात लावू शकत नाहीत. वरातीत, मिरवणुकीत बिनधास्त वापरा, कोल्हापूरची शान आहे. घरातली जुनी ठासणीची असेल तर ती अँटिक, तिलाही काही लागत नाही." खाली वाघाचा फोटो, मित्राशेजारी बंदूक धरलेल्या एका पोराचा फोटो आणि 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी'.

मी स्वतः रेप्लिका, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुका, गोळा करतो. कपाटात काचेमागं मांडलेल्या आहेत, घरी आलेल्या प्रत्येकाला हौसेनं दाखवतो, त्यामुळं मला या छंदाचं वावडं आहे असं कुणी समजू नये. उलट असले मेसेज फिरवणारेच एक दिवस हा छंद बंद पाडणार आहेत म्हणून एवढं टाइप करत बसलोय.

पहिलं, 'कायदा लागू नाही'. शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि त्याच्या कलम ६ मध्ये नकली बंदुकीची व्याख्याच दिली आहे. जी वस्तू दिसायला बंदुकीसारखी आहे ती, मग तिच्यातून गोळी, छर्रा काही सुटो वा न सुटो. म्हणजे 'सुटत नाही' हा ज्या मुद्द्यावर मेसेजचा सगळा डोलारा उभा आहे तो कायद्यानं ६० वर्षांपूर्वीच निकालात काढलाय. पुढं कलम २८ बघा. अटक चुकवायला किंवा अडवायला खरी काय न् नकली काय, बंदूक वापरली किंवा नुसता तसा प्रयत्न केला तरी सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. आता भरीव नळीची शोभेची रेप्लिका आणि चालू पिस्तूल एकाच मापात मोजतात असं मी म्हणत नाही, फरक आहेच. पण फरक असणं वेगळं आणि कायदाच नसणं वेगळं. त्यात २०१६ पासून नवीन शस्त्र नियम आलेत, त्यामुळं काहीही मागवायच्या आधी त्या मॉडेलचं नाव घेऊन कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत विचारायचं, ग्रुपवर नाही.

आता ब्लँकचं. इथं जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे.

माझ्याकडच्या रेप्लिका कशा आहेत सांगतो. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव, हातात घेतल्यावर चांगल्या जड. घोडा मागं ओढला की टक् करतो, रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर एक घर पुढं सरकतो, चाप ओढला की घोडा पडतो आणि विषय संपला. नळीत टॉर्च मारून बघा, थोडं आत गेलं की भरीव. मुठीच्या कडेला हात लागून लागून काळा रंग उडालाय तिथं खालचा राखाडी धातू दिसतो आणि नीट बघितलं तर साच्याच्या जोडाची बारीक रेघ पण. हिच्यात काडतूस जातच नाही. ही शोभेची वस्तू.

ब्लँक गन म्हणजे यातलं काहीच नाही. तिच्यात काडतूस जातं. पितळी केस, बुडाला प्राइमर (दारू पेटवणारी टोपी), आत दारू, सगळं खऱ्यासारखं, फक्त पुढं शिसं नाही. त्याच्याऐवजी तोंड चुण्या घालून मिटवलेलं असतं नाहीतर प्लॅस्टिकचं टोपण असतं. चाप ओढला की पिन प्राइमरवर आपटते, दारू पेटते आणि तापलेला गॅस, अर्धवट जळलेले दारूचे कण, टोपणाचे तुकडे हे सगळं दाबानं बाहेर येतं. काही मॉडेलमध्ये पुढून, काहींमध्ये वरच्या भोकातून. वरून येणारी सेफ असं दुकानदार सांगतो, पण तीच बंदूक तोंडाजवळ धरून रील काढणाऱ्याच्या डोळ्याला ते वरचं भोक किती जवळ असतं याचा विचार कुणी करत नाही. बंद खोलीत एक बार काढला तर कान किती वेळ कुंई करत राहतात हे ज्यानं ऐकलंय त्यालाच विचारा. शाळेच्या स्पोर्टला स्टार्टर पिस्तूल धरणारे सर हात वर, कानापासून लांब का धरतात? उगीच स्टाईल म्हणून नाही.

'कुणाला काही होत नाही' म्हणणाऱ्यांसाठी जॉन-एरिक हेक्सम. अमेरिकन नट, १९८४, शूटिंगमधल्या ब्रेकमध्ये चेष्टेत रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. आत ब्लँक होतं. गोळी नव्हती, पण काडतुसातल्या वॅडचा (दारू दाबून धरणाऱ्या बोळ्याचा) आणि गॅसचा धक्काच एवढा बसला की कवटीचं हाड फुटून तुकडा मेंदूत गेला आणि काही दिवसांत माणूस गेला. नऊ वर्षांनी ब्रँडन ली, ब्रूस लीचा मुलगा. तिथं बंदूक खरी होती, नळीत आधीच्या डमी (बिनदारूच्या, दिखाऊ) काडतुसातलं शिसं अडकून राहिलेलं आणि मागून ब्लँक उडवलं, त्या ब्लँकनंच ते शिसं ढकललं आणि तेच लागून तो गेला. ही दोन्ही प्रकरणं सिनेमावाल्यांची, जिथं शस्त्रं सांभाळायला पगारी माणसं असतात. आपल्याकडं मंडळाच्या पोरांकडं कोण असतंय?

आणि कायद्याच्या बाजूनं पण ब्लँक 'फटाका' नाही. शस्त्र कायद्यातली दारूगोळ्याची व्याख्या वाचा, स्फोटक पदार्थ भरलेल्या वस्तू त्यात येतात, मग त्या बंदुकीत वापरता येवोत किंवा न येवोत. दारूगोळा बाळगायला लायसन्स, परदेशातून आणायला कलम १० खाली वेगळं लायसन्स. त्यामुळं 'ऑनलाईन मागवा, घरपोच येतंय' हे ऐकून पैसे भरणाऱ्याचं पार्सल कस्टममध्ये अडकलं तर बरं, घरपोच आलं तर जास्त अवघड.

'खरी होऊच शकत नाही' हे वाक्य तर इंग्लंडमधल्या पोलिसांना वाचून दाखवायला पाहिजे. तिथं वरून गॅस सोडणाऱ्या काही तुर्की ब्लँक गन अठरा वर्षांवरच्या कुणालाही विनालायसन्स मिळत होत्या. गुन्हेगार त्या बदलून वापरायला लागले म्हणून चार तुर्की कंपन्यांच्या मॉडेलवर गदा आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकांना त्या आणून जमा करा म्हणून मुदत द्यावी लागली. आपल्याकडं नकलीची खरी करणं हा वेगळा गुन्हाच आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. उद्यमनगरात लेथवर काय पण करून मिळतंय असा जोक या मेसेजखाली एकानं टाकला होता, त्याला नुसतं हे कलम वाचायला पाठवलं.

केशरी टोक. हा नियम अमेरिकेचा, तिथल्या १९८८ च्या कायद्यातला, खेळण्यातल्या आणि नकली बंदुका विकताना नळीच्या तोंडाला भडक केशरी रंग पाहिजे म्हणून. आपल्या शस्त्र कायद्यात 'केशरी टोक असेल तर सोडून द्या' असं कुठंही नाही. आणि रंगाचा नियम म्हणायचा तर जपानचा बघा. तिथं १९७१ पासून धातूच्या मॉडेल पिस्तुलाची नळी बंद पाहिजे आणि रंग पांढरा किंवा पिवळा. जुन्या जपानी मॉडेल गनचे फोटो बघून ह्या सोनेरी कशा म्हणून पोरं विचारतात, हौस म्हणून नाही रे, सोनेरी रंग पिवळ्यात धरला जातो म्हणून. शिवाय टोक असो नसो, समोरच्याला अंधारात काय दिसतं ते महत्त्वाचं. २०१४ मध्ये क्लीव्हलँडला तामिर राईस नावाचा बारा वर्षांचा पोरगा खेळण्यातलं एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन बागेत होता, केशरी टोक निघालेलं होतं, पोलिसांची गाडी आली आणि काही सेकंदांत त्याला गोळी लागली. ज्या देशानं टोकाचा नियम आणला त्याच देशातली ही गोष्ट.

वरात आणि मिरवणूक. २०१९ च्याच दुरुस्तीत लग्न, समारंभ, देवळं अशा ठिकाणी जल्लोषात गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आलंय. आता त्यात 'फायरआर्म' शब्द आहे, त्यामुळं 'आमची फायरआर्मच नाही' असं वकील म्हणेल, म्हणू दे, पण ते कोर्टात. रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ असतं. सणासुदीला जिल्ह्यात बंदी आदेश निघतो तो पेपरात आतल्या पानावर येतो आणि कुणी वाचत नाही. त्यात बंदुका, तलवारी तर सोडाच, काठी घेऊन फिरण्यावर पण बंदी असते. महाद्वार रोडला गर्दीत ठो आवाज झाला तर चेंगराचेंगरी होईल, तेव्हा ब्लँक होतं का खरं हे कोण विचारत बसणार.

आणि शान म्हणाल तर कोल्हापूरची शान २०१० ला म्युनिकमध्ये नेमबाजीत वर्ल्ड चॅम्पियन झालेली तेजस्विनी सावंत आहे, २०१८ च्या एशियन गेम्सला गोल्ड आणणारी राही सरनोबत आहे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आहे ज्यानं पॅरिसला ब्राँझ आणलं. रेंजवर पहिल्या दिवशी शिकवतात की नळीचं तोंड कायम टार्गेटकडं आणि बोट चापाच्या बाहेर. मेसेजमधल्या फोटोतल्या पोरानं नळी मित्राच्या पोटाकडं केलीय आणि बोट चापावर, ही कसली शान.

राहिली ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची जुनी बंदूक. कलम ४५ मध्ये सूट आहे हे बरोबर, पण ती कुणाला? जुन्या बनावटीची, पुराणवस्तू म्हणून किंमत असलेली किंवा मोडकी, आणि दुरुस्त करून पण बंदूक म्हणून वापरता न येणारी. शेवटचा भाग मेसेजवाल्यानं सोयीनं कापला. न्यू पॅलेसच्या म्युझियममधली शस्त्रं बघून आमच्यातल्या निम्म्यांना हा नाद लागला हे खरं, पण आजोबांच्या माळ्यावर मिळालेली बंदूक चालू स्थितीत असेल, किंवा हुशार मिस्त्री चालू करू शकत असेल, तर ती या सवलतीत बसत नाही. आधी पोलीस स्टेशनला कळवायचं, मग पॉलिश.

कुणीतरी खाली विचारलं होतं की पुण्या-मुंबईला दाखवायला न्यायची तर विमानात चालते का. उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, सिक्युरिटीत हँडबॅगेत रेप्लिका काय, खेळण्यातली पण घेऊन जाऊ देत नाहीत. मी कुठं न्यायची झालीच तर गाडीच्या डिकीत, खोक्यात बंद, वर खरेदीचं बिल.