आवाज थांबला म्हणून चुंबक थांबत नाही

घरच्या ग्रुपवर काल पुन्हा ते ढकलपत्र येऊन पडलं. ‘एका मोठ्या रेडिओलॉजिस्टने सांगितलेलं सत्य, २० जणांना पाठवा.’ एरवी असल्या मजकुराला लांबूनच नमस्कार केला असता. पण ज्यांनी ते पाठवलं त्यांच्याच आईचा पुढच्या आठवड्यात मणक्याचा एमआरआय आहे आणि खाली चार जणांनी हात जोडल्याचे इमोजी टाकलेत.

मजकूर लांबलचक आहे. गाळीव अर्थ असा. एक, एक सीटी स्कॅन म्हणजे ४०० एक्स-रे, कॅन्सर ठरलेला. दोन, एमआरआयची किरणं त्याहून घातक, ती रक्तातलं लोह खेचून घेतात. तीन, स्कॅन झाल्यावर ४८ तास पेशंटच्या अंगातून किरणं बाहेर पडतात, लहान मुलांना जवळ घेऊ नका, हळदीचं पाणी पिऊन किरणं धुऊन काढा. चार, एमआरआयचा खडखडाट थांबला की चुंबक बंद झालेलं असतं, तेव्हा नातेवाइकांनी बिनधास्त आत जावं; दागिने काढायला लावतात ते ढापण्यासाठी, सोनं चुंबकाला चिकटत नाही. पाच, शिरेतून देतात त्या औषधाने किडनी जाते, सही करू नका. सहा, आता रिपोर्ट कॉम्प्युटरच देतो, डॉक्टर बघत नाहीत.

क्रमाने जात नाही. बाकीचे पाच मुद्दे वाचून माणूस फार तर उगाच घाबरेल. चौथा वाचून माणूस मरू शकतो.

एमआरआयमध्ये जो खडखडाट ऐकू येतो तो मुख्य चुंबकाचा नसतोच. बोगद्याच्या भिंतीत ग्रेडियंट कॉइल नावाची वेटोळी असतात. त्यांतून वीज सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद होते, मुख्य चुंबकाच्या क्षेत्रात त्यांना हिसके बसतात आणि लाउडस्पीकरच्या पडद्यासारखी ती थरथरतात. तोच आवाज. स्कॅन संपला की ग्रेडियंट थांबतात, आवाज थांबतो. चुंबक जिथल्या तिथे.

ते का थांबत नाही, हे एकदा नीट समजून घ्या म्हणजे पुन्हा कुणी फसवणार नाही. मोठ्या इस्पितळांतल्या १.५ किंवा ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनमध्ये नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची कित्येक किलोमीटर लांबीची गुंडाळी असते आणि ती द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते. इतक्या थंडीत त्या तारेचा विद्युतरोध शून्य होतो. बसवताना एकदा वीज भरली की दोन्ही टोकं आतल्या आत जोडून टाकतात आणि बाहेरची वायर काढून घेतात. पुढे ती वीज वर्षानुवर्षं आतच फिरत राहते. रात्री दोन वाजता, रविवारी, लाइट गेलेले असताना, टेक्निशियन जेवायला गेलेला असताना, सगळ्या वेळी चुंबक पूर्ण ताकदीने चालू. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३० हजार पट. रिकाम्या एमआरआयच्या दाराशी कान दिलात तर एक ‘चुक्-चुक्’ अखंड ऐकू येते. हेलियम थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचा तो आवाज आहे. तो ऐकू येत असेल तर आत थंडी टिकवून धरलेली आहे एवढं नक्की. काही ठिकाणी कमी ताकदीची ‘ओपन’ मशीनं असतात. त्यांतल्या बऱ्याच मशीनमध्ये कायमचे चुंबकच असतात, त्यांना तर बंद करायची सोयच नाही.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे ओढ. दारात उभं राहिलं तर काहीच जाणवत नाही. आणखी दोन पावलं टाकली तरी फारसं काही नाही. आणि मग एका पावलात हातातली वस्तू हातात राहत नाही. नव्या मशीनभोवती उलटं क्षेत्र तयार करून चुंबकत्व आवरून धरलेलं असतं. त्यामुळे खोली लहान चालते, पण बोगद्याच्या तोंडाशी ओढ फार अचानक वाढते. ‘जड वाटलं तर मागे फिरेन’ असा विचार करायला तिथे वेळच मिळत नाही.

मुंबईत हे घडून गेलंय. २०१८ च्या जानेवारीत नायर रुग्णालयात ३२ वर्षांचा एक नातेवाईक पेशंटचा ऑक्सिजन सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं गेलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. सिलिंडरसकट तो मशीनकडे खेचला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, दोन कर्मचारी सिलिंडर आणि मशीन यांच्यामध्ये सुमारे चार तास अडकून पडले होते. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ६१ वर्षांचे एक गृहस्थ व्यायामाची सुमारे नऊ किलोची साखळी गळ्यात घालून आत गेले. पेशंट ते नव्हतेच, त्यांची बायको होती. साखळीसकट ते मशीनकडे खेचले गेले आणि त्यांचा जीव गेला. बायकोचा स्कॅन संपलेला होता आणि ती उठायला मदत हवी म्हणून हाक मारत होती. म्हणजे आवाज थांबलेलाच होता.

‘मग लाल बटण दाबायचं ना!’ बटणं दोन असतात. एक विजेचं. ते दाबलं की टेबल, ग्रेडियंट, कॉम्प्युटर बंद, चुंबक तसंच. दुसरं, झाकणाखालचं, ते क्वेंचचं, म्हणजे चुंबकच विझवायचं. ते दाबलं की गुंडाळी तापते, हेलियम उकळतं आणि एका लिटरचा सातशेहून जास्त लिटर वायू होऊन छतावरच्या नळीतून बाहेर जातो. क्षेत्र उतरायला त्यातही वेळ जातो. नळी तुंबलेली असेल तर हेलियम खोलीतच घुसतं आणि श्वासाला हवा उरत नाही. नंतर हेलियम भरून मशीन पुन्हा उभं करायचा खर्च लाखांत. म्हणून कुणी हौसेने ते दाबत नाही. अलीकडे जेमतेम सात लिटर हेलियम कायमचं सीलबंद केलेली मशीनं आली आहेत, त्यांना छतावर नळी लागत नाही. पण हेलियम कमी म्हणून चुंबक लेचंपेचं झालं, असं कुणी समजू नये.

आता सोनं. हो, सोनं चुंबकाला चिकटत नाही. एवढं अर्धं सत्य त्या मेसेजला देऊन टाकतो. पण साखळीच्या कडीतली बारीक स्प्रिंग पोलादाची असू शकते. आणि न चिकटणारा धातूसुद्धा तापतो. १.५ टेस्लाला मशीन सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी अंगावर सोडतं. धातूचं बंद कडं, म्हणजे साखळी, पाटली, पैंजण, त्या लहरी पकडतं आणि कातडी भाजते. धातूचंच कशाला, हात जोडून पोटावर ठेवले किंवा उघड्या मांड्या एकमेकींना चिकटल्या तरी शरीराचंच वेटोळं तयार होतं आणि चिकटलेल्या जागी फोड येतो. टेक्निशियन मांड्यांमध्ये उशी सरकवतो आणि ‘हात सुटे ठेवा’ म्हणतो ते यासाठी. दागिने जाण्याची भीती वाटत असेल तर ते घरी ठेवून जावं, उपाय फुकट आहे.

आपल्याकडे खरी भानगड दागिन्यांपेक्षा विसरलेल्या वस्तूंची असते. पदराची सेफ्टी पिन. अंबाड्यातले आकडे. ब्लाउजचे हूक. ताईत. करगोट्यात ओवलेली किल्ली. श्रवणयंत्र. खिशातलं एटीएम कार्ड, ज्याची पट्टी पुसली जाते. पेशंटला आधार द्यायला आत शिरणाऱ्या मुलाच्या कमरेचा पट्टा. लेथवर किंवा ग्राइंडरवर काम केलेलं असेल तर ते आधी सांगा, डोळ्यात लोखंडाचा कण रुतून राहिलेला असू शकतो आणि तो हलला तर डोळा जातो. अशा वेळी आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट असेल तर त्याचं कार्ड दाखवल्याशिवाय आत पाऊल नाही. हृदयातले स्टेंट आणि गुडघ्याचे सांधे बहुतेक वेळा चालतात, तरी तेही सांगायचे. चालणं जमत नसेल तर इस्पितळाची नेहमीची व्हीलचेअर दारापर्यंतच. आतली वेगळी असते, अ‍ॅल्युमिनियमची. ऑक्सिजन भिंतीतल्या पाइपचा. वॉर्डातले मामा घाईत म्हणाले ‘चला, काही होत नाही’, तरी सिलिंडर तुम्ही उचलायचा नाही.

दुसरा मुद्दा दोन ओळींत संपतो. एमआरआयमध्ये एक्स-रे नाहीत, किरणोत्सर्ग नाही. सीटीच्या खोलीला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, एमआरआयला लागत नाही, यातच काय ते आलं. मूळ तंत्राच्या नावात ‘न्यूक्लिअर’ शब्द होता, तो अणुबॉम्बची आठवण करून देतो म्हणून गाळला. तरी भीती आहे तशीच, नावं बदलून फार काही होत नाही. आणि रक्तातलं लोह म्हणजे खिळे नव्हेत. ते हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं, चुंबकाला चिकटत नाही. ऑक्सिजन सोडलेल्या रक्ताचं चुंबकीय वर्तन किंचित वेगळं असतं, त्या किंचित फरकावर मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणारा फंक्शनल एमआरआय उभा आहे. खेचून घेण्यासारखं त्यात काही नाही.

पहिला मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. सीटीत किरणोत्सर्ग आहे, साध्या एक्स-रेपेक्षा बराच जास्त. ४०० चा आकडाही कुणी हवेतून काढलेला नाही. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी ‘एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० छातीचे एक्स-रे’ असं म्हटलं होतं. कोविडची लक्षणं सौम्य असताना लोक उठसूट सीटी काढत होते, त्यांना आवरायला. त्यावर रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच हरकत घेतली, की हा हिशोब जुन्या काळातला, आजचा कमी डोसचा सीटी ५ ते १० एक्स-रेंइतका. माझ्या मते दोघांनीही आपापल्या सोयीचं टोक धरलं. छातीचा एक्स-रे ०.०२ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) आणि नेहमीचा छातीचा सीटी ७-८ मिलिसिव्हर्ट धरला की भागाकार साडेतीनशे-चारशे येतो. पण भाजक इतका चिमुकला आहे की त्याने कशालाही भागलं तरी राक्षसच निघेल. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे तो सीटी तीन वर्षांच्या श्वासोच्छ्वासाइतका. उलट ५-१० एक्स-रेंचा हिशोब खास कमी डोसच्या पद्धतीचा आहे, कोपऱ्यावरच्या प्रत्येक सेंटरमध्ये तो लागू होत नाही.

कॅन्सरचं म्हणाल तर २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेला युरोपातला अभ्यास वाचावा. नऊ देश, लहानपणी किंवा तरुणपणी सीटी काढलेले सुमारे साडेनऊ लाख लोक. निष्कर्ष असा, की आज १० हजार मुलांचा सीटी काढला, तर पुढच्या १२ वर्षांत त्या किरणांमुळे रक्ताचा कॅन्सर होणारी मुलं १ ते २. शून्य नव्हे. पण ‘ठरलेला’ तर नव्हेच नव्हे. डोक्याला मार लागून उलट्या करणाऱ्या मुलाचा सीटी टाळला तर तिथे धोका दहा हजारात एकाचा राहत नाही.

आकड्यांनी भांडण्यापेक्षा स्वतःचा डोस मोजा. सीटीच्या शेवटी मशीन एक पान तयार करतं, त्यावर ‘डीएलपी’ असा आकडा असतो, स्कॅनमधल्या किरणांचा एकूण मारा सांगणारा. ते पान मागून घ्या. मोठ्या माणसाच्या छातीसाठी त्याला ०.०१४ ने गुणा, पोटासाठी ०.०१५ ने, डोक्यासाठी ०.००२१ ने. उत्तर मिलिसिव्हर्टमध्ये. छातीच्या सीटीचा डीएलपी ३५० असेल तर ४.९. विचारायचाच असेल तर हा प्रश्न विचारा, की किती फेज घेणार? पोटाचा आधी साधा, मग औषध देऊन, मग पुन्हा उशिरा, अशा तीन फेऱ्या मारल्या की डोस जवळजवळ तिप्पट. काही आजारांत तिन्ही लागतात, पुष्कळदा एक पुरते. लहान मुलाचा असेल तर मुलांची सेटिंग लावली का, तेही विचारावं. यात कुणाचा अपमान होत नाही.

तिसरा मुद्दा म्हणजे ऐकीव गोष्टींची खिचडी. एक्स-रे आणि सीटीची किरणं म्हणजे बॅटरीचा उजेड, बटण सोडलं की संपला. अंगात काही उरत नाही, मग हळदीने धुवायचं काय? पण पेट-सीटीत किरणोत्सारी साखर शिरेतून देतात. तिच्यातल्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे दर ११० मिनिटांनी ते निम्मं होतं. अकरा तासांनी चौसष्टावा हिस्सा उरतो, शिवाय बरीचशी लघवीवाटे जाते. म्हणून तिथे भरपूर पाणी प्या आणि त्या दिवशी तान्ह्या बाळांपासून, गरोदर बायकांपासून लांब राहा असं सांगतात. कुणीतरी पेट-सीटीची सूचना ऐकली, तिला ४८ तासांचं शेपूट जोडलं, हळद घातली आणि सगळ्या स्कॅनना चिकटवली.

शिरेतून देतात ते औषध चित्रात गाठ ठळक दिसावी म्हणून असतं. किडनीबद्दल एवढंच, की क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट घेऊन जा. किडनी खरोखरच अधू असेल तर डॉक्टर औषध टाळतात किंवा बदलतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा. पूर्वी औषधाची अ‍ॅलर्जी आली असेल तर ती सही करण्याआधी सांगायची. सरसकट नकार देऊन गाठ दिसलीच नाही, तर त्या स्कॅनचे पैसे वाया.

आणि कॉम्प्युटर. क्षयरोगाच्या तपासणीत छातीचे एक्स-रे वाचायला सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली, तीही १५ वर्षांवरच्यांसाठी. बाकी ठिकाणी एआय बरेचदा कमी डोसच्या चित्रातली खरखर काढतो आणि एमआरआयची वेळ वाचवतो. रिपोर्टखाली सही कुणाची आहे ते बघा, डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक तिथेच असतो.

ज्या काकूंचा पुढच्या आठवड्यात स्कॅन आहे त्यांच्यासाठी: साडीऐवजी बिनहुकाचा सुती गाऊन, आधीच्या फिल्म्स बरोबर, क्रिएटिनिनचा कागद पर्समध्ये आणि पर्स बाहेर मुलाकडे. हातात रबरी फुगा देतात, गुदमरल्यासारखं झालं तर तो दाबायचा, टेबल बाहेर येतं. स्कॅन संपल्यावर मुलाने दारातच थांबायचं. आईला बाहेर आणायचं काम टेक्निशियनचं आहे.