बोटॉक्स सोडलं की सुरकुत्या दुप्पट? नाही हो!

रामबागेतल्या आमच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘बोटॉक्स आणि फिलर एकच, सोडलं की सुरकुत्या दुप्पट.’ दोन्ही चूक. बोटॉक्सचं इंजेक्शन स्नायू सैल करतं, म्हणून ते कपाळावरच्या आणि हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेघांसाठी. असर साधारण ३-४ महिने, मग चेहरा होता तसाच. (आपल्यालाच गुळगुळीत कपाळाची सवय झालेली असते, ते वेगळं!) नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी भरायला फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भरायचं द्रव्य, बहुतेकदा हायल्युरॉनिक अॅसिडचं जेल. नको वाटलं तर ते इंजेक्शनने विरघळवता येतं. पण फिलर रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा काळी पडून मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. तेव्हा पार्लरच्या लग्नसराई ‘ऑफर’मध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञांकडेच. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांना दोन्ही सहसा देत नाहीत.