ब्लॉकबस्टर गेम काढण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

तुमच्या डोक्यात एखाद्या व्हिडिओ गेमची नवीकोरी कल्पना आली असेल तर घाबरू नका. वेळेत लक्षात आलं तर उपाय आहे. पाणी प्या, पाच मिनिटं आडवे व्हा आणि उठल्यावर स्वतःला विचारा: असलं काही आधी खपलंय का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर कल्पना वहीत उतरवा आणि वही माळ्यावर टाका. सात नावं पटापट आठवली, तर अभिनंदन! आठवा गेम काढायला तुम्ही मोकळे.

कल्पकता वाईट असते असं नाही. ती स्वस्त असते, हीच तिची खोड. सोनीच्या दोन मोठ्या गेमचा खर्च प्रत्येकी वीस कोटी डॉलरच्या वर गेला होता, हे २०२३ साली अमेरिकेतल्या कोर्टात दाखल झालेल्या कागदांवरून जगाला कळलं. आकडे काळ्या मार्करने खोडले होते, पण स्कॅन केल्यावर ते सरळ वाचता आले. (वीस कोटींत बरा मार्कर बसला नसावा.) एवढा पैसा ओतल्यावर खेळणाऱ्याला मजा येते की नाही, हा प्रश्न मागे पडतो. पैसे लावणाऱ्याला रात्री झोप लागली पाहिजे. त्यासाठी गेममध्ये उंच मनोरा हवा, मनोऱ्यावर चढलं की नकाशा उघडायला हवा, नकाशावर दीडशे खुणा हव्यात आणि नायकाची बायको तरी मेलेली हवी, नाहीतर मुलगी तरी हरवलेली. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असं आपली आजी सांगायची. आजीकडे शेअरहोल्डर नव्हते.

गेम फारच रेंगाळला तर त्याच्या नावापुढचा एखादा ‘ए’ वाढवा. मोठ्या बजेटच्या गेमला या धंद्यात ‘ट्रिपल ए’ म्हणतात. युबीसॉफ्टने २०१७ साली ‘स्कल अँड बोन्स’ या चाच्यांच्या गेमची घोषणा केली. तारखा पडत गेल्या आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गेम एकदाचा बाहेर आला. सत्तर डॉलर कशासाठी मोजायचे, असं विचारल्यावर कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं की हा ‘क्वाड्रुपल ए’ गेम आहे. बघा, चौथ्या ‘ए’ला एक पैसा लागला नाही. हापूसच्या पेटीवर ‘अस्सल’ दोनदा छापणाऱ्यांना हे गणित केव्हाच कळलंय.

आता तुम्ही ‘कॉनकॉर्ड’चं नाव काढणार. काढा. सोनीचा हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. चौदा दिवस. सगळ्यांचे पैसे परत गेले, पुढे स्टुडिओलाही कुलूप लागलं. गेम बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. आपल्याकडे मूर्ती घरी यायची होती, तिकडे विसर्जन उरकलंही. पण यात खचण्यासारखं काय आहे? बाजारात जे चालतं ते सगळं त्या गेममध्ये होतं. चालला नाही, तर चूक गिऱ्हाइकाची.

काही माणसांपासून मात्र लांब राहा. मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ साली ज्या यंत्रावर ‘टेट्रिस’ रचला, त्यावर चित्रंच उमटत नसत. गड्याने कंसांच्या खुणा जोडून ठोकळे केले. एरिक बॅरोन तर त्याहून वाह्यात. एका थिएटरात प्रेक्षकांना खुर्च्या दाखवायचं काम करता करता त्याने साडेचार वर्षं एकट्याने शेतीचा गेम बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोड त्याचा. ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ साली आला आणि त्याच्या चार कोटींवर प्रती खपल्या. मनोरा नाही, मेलेली बायको नाही. भोपळे लावायचे आणि गावातल्या लोकांशी बोलायचं. असल्या माणसाला मीटिंगला बोलावलंत, तर बाकीचे चारशे जण काय करतात, असं विचारेल.

पुणेकरांसाठी वेगळी सूचना, कारण त्यांना धोका जास्त. २०२० च्या सप्टेंबरात युबीसॉफ्टने २००३ सालच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती जाहीर केली. काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं, तारीख पुढच्या जानेवारीची. प्रश्नपत्रिका उत्तरांसकट हातात होती म्हणा ना. तारीख पुढे गेली, पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये कामच मॉन्ट्रियलला गेलं. त्याच २०२० साली त्याच पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी’ काढला. लोकवर्गणीचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न फसला होता. हाताशी मोजकी माणसं. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, राजस्थानी वाडे-किल्ले, छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या कथा. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकनही मिळालं. फसलेल्या वर्गणीनंतर घरचे म्हणतात तशी बँकेची परीक्षा द्यायची सोडून हे लोक काम करत बसले. तुम्ही असं करू नका.

बक्षिसांची हौस असेलच, तर मायक्रोसॉफ्टची पद्धत गिरवा. ‘हाय-फाय रश’ हा तालावर मारामारी करायचा गेम २०२३ साली आला, नावाजला गेला. मे २०२४ मध्ये तो बनवणारा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करायचा निर्णय कंपनीने जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी एका अधिकाऱ्याने कर्मचाऱ्यांना सांगितलं, की आपल्याला प्रतिष्ठा आणि पुरस्कार मिळवून देणारे छोटे गेम हवे आहेत. कोंबडी कापून झाल्यावर अंड्यांची यादी करायला बसायचं, ते असं.

शेवटी खड्ड्याची सोय. ही पहिल्याच दिवशी करून ठेवावी. १९८२ साली अटारी या गेम कंपनीने गाजलेल्या ‘ई.टी.’ सिनेमाचे हक्क कोट्यवधी डॉलर मोजून घेतले आणि नाताळ गाठायचा म्हणून गेम बनवणाऱ्याला जेमतेम पाच आठवडे दिले. पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डोच्या कचरा डेपोत त्याच्या आणि इतर गेमच्या कार्ट्रिज (ज्यात गेम भरून विकायचे त्या प्लास्टिकच्या डब्या) गाडून वर काँक्रीट ओतलं. २०१४ साली लोकांनी त्या उकरून काढल्या. एक स्मिथसोनियन संग्रहालयात गेली, शेकडो लिलावात विकल्या गेल्या. म्हणजे कार्ट्रिज असली की तीस वर्षांनी का होईना, पैसे येतात.

तुमचा गेम सर्व्हरवर चालणारा. बटण बंद केलं की पुरायलाही काही उरत नाही. खड्ड्याचे पैसे वाचले, ते मार्केटिंगला वळवा.