आधी डायनोचा कागद दाखवा, मग घोडे सांगा

टर्बो गाडीचा (म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारं चाक असलेल्या गाडीचा) एअर फिल्टर बदलला की १५ हॉर्सपॉवर वाढते असं सांगणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला मला विचारायचंय, मोजली कुठे? कुठल्या डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर? आधी किती होती, नंतर किती भरली, दोन्ही वेळेला हवेचं तापमान काय होतं? उत्तर ठरलेलं असतं. "सर, एक चक्कर मारून या, फरक जाणवेल." अरे, जाणवतो तो आवाज! फिल्टरचा बंद डबा काढला की टर्बोची शिट्टी आणि पाय उचलल्यावरचं ते फुस्स थेट कानावर येतं. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं गिऱ्हाइकाला वाटतं, आणि हे लोक त्याला तसं वाटू देतात. पैसे मोजून घेतात आणि वाटू देतात!

माझी पोलो आहे, एक लिटर टीएसआय. कंपनीचा आकडा ११० पीएस ताकद आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. चाकणला बनलेली गाडी. २०२२ साली इथलं उत्पादन थांबलं, त्यामुळे ज्यांच्याकडे आहे ते जिवापाड जपतात. आणि नेमकं हेच प्रेम हेरून गल्लोगल्ली "परफॉर्मन्स"ची पाटी लावलेले बसलेत.

आता जरा इंजिनाचं ऐका. या गाडीत टर्बोने किती दाब द्यायचा ते फिल्टर ठरवत नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. पायाखाली किती दाबलंय ते पाहून तो टॉर्कचा हिशेब करतो, तेवढा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, झाला की वेस्टगेट नावाची झडप उघडतो आणि उरलेला धूर टर्बाइनला बगल देऊन निघून जातो. तुम्ही हवेची वाट मोकळी केलीत तर तोच बूस्ट टर्बोला थोड्या कमी कष्टात मिळेल, बस. रिमॅप, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलल्याशिवाय, तो आपली मर्यादा सोडत नाही. मग ते १५ घोडे आले कुठून?

उलट नुकसानच. कंपनीचा डबा पुढून, बाहेरची थंड हवा घेतो. त्याच्या जागी हे लोक शंकूसारखा उघडा फिल्टर लावतात, ना हीट शील्ड, ना थंड हवेची नळी. हिंजवडीच्या रस्त्यावर संध्याकाळी गाड्या इंच इंच सरकत असतात तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल? चुलीच्या तोंडाशी बसवून खोल श्वास घे म्हणण्यासारखं आहे ते. गरम हवा विरळ असते, त्यात नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके बसण्याचा धोका, म्हणून ईसीयू इग्निशन मागे खेचतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी आधीपेक्षा मरगळलेली निघते. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, साधा डोंगल लावून हवेचं तापमान पाहता येतं. मी ते मोबाइलवर दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, "सर, सेन्सरला सवय व्हायला वेळ लागतो." सेन्सरला सवय! तोंडावर असं खोटं बोलताना या माणसाची जीभ अडखळली नाही.

आणि धूळ? लहान टर्बोचं चाक मिनिटाला दोन लाखांच्या वर फेरे घेतं. त्या वेगाला बारीक मातीचा कणसुद्धा पात्यांची कड खातो. तळेगाव-चाकण रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाडीला ढिल्या क्लॅम्पचा, कॉपी माल असलेला फिल्टर लावताना जरा तरी विचार करा.

एक्झॉस्टची कथा याहून संतापजनक. एकाने मला याच गाडीसाठी "हेडर्स" विकायला काढले. हेडर्स बसतात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणाऱ्या भागाच्या जागी; आणि या इंजिनात तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. वेगळा नसतोच! टर्बो थेट हेडला बोल्टने बसतो. जे गाडीत नाही ते बदलून देतो म्हणणारा माणूस लोकांच्या गाड्या उघडतो, आणि त्याच्या दारात रांग लागते. टर्बो गाडीत खरी अडचण टर्बाइनच्या लगेच पुढे, डाउनपाइपमध्ये असते. मागचा डबा बदलून मिळतो मुख्यतः आवाज. हे स्पष्ट सांगून विका ना, आवाजासाठी पैसे देणारेही आहेत. ताकदीच्या नावाने आवाज का विकता?

मी एक्झॉस्टचा मागचा भाग करून घेतला तो एसएसचा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा म्हणून. वेल्डिंगला भोकं, फ्लँजला जुनंच पॅकिंग, थंड इंजिनावर टिकटिक गळती, आणि पाइप इतका खाली टांगलेला की सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर घासतो. हायवेला लागलं की केबिनमध्ये असा घुमारा की मागे बसलेल्या आईने कानांवर हात ठेवले. तक्रार केली तर, "साहेब, रेसिंगचा आवाज असाच असतो."

सगळ्यात जास्त चीड येते कॅटकॉनची, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची. "काढून टाकू सर, गाडी मोकळी होईल," हे इतक्या सहज सांगतात! त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं, भंगारात त्याला चांगला भाव आहे. काढलेला कॅटकॉन गिऱ्हाइकाला परत देतात का, विचारून बघा. मग चेक इंजिनचा दिवा लागतो, कॅटकॉन नीट काम करत नसल्याचा पी०४२० कोड येतो, आणि तो लपवायला धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या मागच्या लॅम्डा सेन्सरला स्पेसर लावायचे वेगळे पैसे. विषारी धूर आपल्याच पोराबाळांच्या नाकात. वर पीयूसीचं "आपण बघून घेऊ" हे आश्वासन.

पकडलं गेल्यावर हे कुणी दिसत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांविषयीचं कलम ५२ मालकाला लागू होतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तेही मालकालाच. विमा कंपनीच्या हातात क्लेम अडवायला आयतं कारण, तेही मालकाविरुद्ध. बिल मागितलं तर चिठ्ठीवर नुसतं "ॲक्सेसरीज". कुठला पार्ट, कुठला मेक, किती वॉरंटी, काही नाही. टर्बो गेला तर कुणाच्या दारात उभं राहायचं?

माझ्या मागण्या फार नाहीत. काम करण्याआधी एक डायनो रन, नंतर एक, त्याच दिवशी, त्याच मशीनवर. बिलावर पार्टचं नाव. आणि काढलेला प्रत्येक भाग, बोल्टसकट, माझ्या डिकीत. हे जमत नसेल तर माझ्या गाडीच्या बॉनेटला हात लावायचा नाही.